खुरपं ट्रंकेत ठेवलं तो पावसाळा

आमच्या घरात दोन वस्तूंना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. एक दादांचा, म्हणजे वडिलांचा, रेडिओ आणि दुसरं आईचं खुरपं. रेडिओ निदान चामडी पिशवीत घालून खुंटीला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा टांगलेला असायचा. खुरपं मात्र मोरीवरच्या कोनाड्यात, जुन्या धडप्यात गुंडाळलेलं. वैजापूरच्या पुढच्या एका खेड्यातून आई लग्न होऊन शहरात आली ती एक ट्रंक, दोन पातेली आणि हे खुरपं घेऊन. त्याची बाभळीची मूठ तिच्या हातानं घासून घासून इतकी गुळगुळीत झाली होती, की आम्ही पोरं चोरून तिला हात लावायचो आणि बोलणी खायचो. पुंडलिकनगरात तेव्हा निम्मे प्लॉट मोकळे होते. आमच्या दोन खोल्या, वर पत्रे आणि पुढं दोन बाजा मावतील एवढी मातीची पट्टी. "एवढ्याशा जागेला खुरपं कशाला लागतं गं?" असं दादा विचारायचे. आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि झाडलोट, चहा उरकला की पट्टीत जाऊन बसायची. खस्स, खस्स. त्या आवाजानं मला रोज जाग यायची.

माहेरी असताना आई खुरपणीला जायची. बायका ओळीनं बसत, प्रत्येकीची एकेक पात, आणि आईची पात कायम सगळ्यांच्या पुढं. हे तिनं आम्हांला इतक्या वेळा सांगितलं होतं, की तिनं सुरुवात केली की शेवट आम्हीच करायचो. "आन् मागं वळून बघितलं तर?" ती विचारायची. "एक काडी दिसायची नाय!" आम्ही ओरडायचो. शहरात तिला दुसऱ्याच्या रानात बसावं लागलं नाही, याचं तिला सुख होतं. पण हाताला ती सवय होतीच. आमच्या पट्टीत सदाफुली, तुळस, कोथिंबीर असायची आणि त्यांच्या मधे माती नुसती चाळलेली. गवताचं एक पातं रात्रीतून वर आलं, तर सकाळचा चहा निवायच्या आत ते उपटलेलं असायचं.

दादांना हे मनातून आवडायचं, म्हणायचे काहीही. ते एका सरकारी कचेरीत शिपाई होते. पितळी तांब्यात निखारे भरून ते स्वतः पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत आणि सदऱ्यावर एक घडी चुकीची पडली तरी परत पाणी शिंपडत. रविवारी सकाळी तसबिरींपुढं मेणबत्ती लावून बुद्धवंदना, मग वाळल्या बोंबलाची चटणी, गरम भाकरी आणि रेडिओ. घर, अंगण, सदरा, पोरांची नखं, सगळं स्वच्छ पाहिजे. गावाबद्दल ते फार बोलत नसत. विचारलं तर म्हणत, "तिथं काय हाय? गवत हाय."

मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं, तेव्हा दादांनी एक अट घातली होती. पहिला वर्ग मिळाला तर पुढं एम.एस्सी.; नाहीतर टायपिंगची परीक्षा आणि त्यांच्या साहेबांना सांगून कचेरीत चिकटायचं. अट घालताना त्यांचा आवाज मऊ होता, पण दादांचा शब्द म्हणजे शब्द. मला टायपिंगच्या खोलीत बसायचं नव्हतं. त्या मशिनांचा कडकडाट आमच्या गल्लीच्या तोंडाशीच असलेल्या क्लासमधून दिवसभर यायचा आणि मला तो ऐकून घाम फुटायचा.

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला प्रत्येकानं एक रानफूल निवडायचं, त्याचं बी गोळा करून ते वाफ्यात वाढवायचं, फुलावर आणायचं आणि शेवटच्या वर्षी बाहेरच्या परीक्षकांना दाखवायचं, असा प्रकल्प असायचा. दोन पावसाळे हाताशी. कॉलेजच्या मागं त्यासाठी रानफुलांची छोटी बाग होती, पण कुणाला घरी वाढवायचं असेल तर परवानगी होती. प्रयोगशाळेत सय्यद सर म्हणून प्रयोग शिकवणारे होते. किडकिडीत, पायांत जुनी चप्पल, सायकलच्या साखळीचं वंगण कायम पायजम्याला. डोंगरदऱ्यांत हिंडून त्यांनी हजारभर वाळलेली झाडं कागदांवर चिकटवून कपाटात लावली होती. त्यांनी फळ्यावर फुलांची यादी लिहिली. तेरडा, कुर्डू, सोनकी. सगळ्यांत खाली दुधाळी. "इसकू कोई हात मत लगाओ," ते म्हणाले. "ग्यारा साल से मैं बो रहा हूं. उगती है, मरती है. बहोत नखरेवाली है."

दुधाळी मला माहीत होती. आईच्या माहेरच्या गायरानात दसऱ्याच्या सुमारास ती फुलायची. गुडघ्याएवढं झाड, शेपूसारखी बारीक पानं, आणि त्यावर गुलाबी, पातळ पाकळ्यांची फुलं, घशात गडद जांभळी. एवढ्या वाऱ्याचं ते फूल कसं टिकतं, असं वाटायचं. लहानपणी सुट्टीत मी ती खुडून केसांत घालायचे आणि घरी पोचेपर्यंत गळून जायची. मला तोंड जरा जास्तच होतं, अजूनही आहे. मी उठले आणि दुधाळीपुढं माझं नाव लिहून आले. "मी आणून दाखवते, सर." वर्ग हसला. सय्यद सरांनी खडू खिशात टाकला आणि म्हणाले, "दिखाओ बेटी. मैं मिठाई खिलाऊंगा."

दिवाळीनंतर आईबरोबर गावी जाऊन मी बी आणलं. बी कसलं, धूळच ती. बोंडं हातावर चोळली तर तपकिरी भुकटी निघायची आणि श्वास सोडला तरी उडायची. औषधाच्या रिकाम्या बाटलीत ती भरून मी वर चिंधीचं बूच लावलं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी ते पट्टीत टाकलं आणि मोठ्या हौसेनं झारीनं पाणी घातलं, तर सगळं बी वाहत जाऊन मोरीच्या कडेला. आई बघत होती. "अगं, असं टाकतेत व्हय बारीक बी? राजगिरा कसा टाकतेत? बारीक वाळूत कालवून. आन् पाणी वरून नाय, पोतं भिजवून झाकायचं." नशीब, निम्मं बी बाटलीत होतं. मग पेरणी आईनंच हातात घेतली. माती चाळली, लेंडीखत कुस्करून मिसळलं, वाळूत कालवलेलं बी चिमटीनं टाकलं, आणि वर ओलं पोतं. नवव्या दिवशी पोतं काढलं, तर मातीवर हिरवे ठिपके. मी शाळकरी मुलीसारख्या उड्या मारल्या.

त्या वाफ्याची आईनं जी बडदास्त ठेवली, तशी आम्हां भावंडांचीही ठेवली नसेल. दोन पानं, चार पानं, सहा पानं. रोज सकाळी ती खुरपं घेऊन बसायची आणि रोपांच्या मधून गवताचं पातंन् पातं बारीक टोकानं उचलून काढायची, रोपाला धक्का न लावता. शेजारच्या देशमुख काकू, ज्यांचे गुलाब सगळ्या गल्लीत प्रसिद्ध होते, त्याही फाटकाशी थांबून म्हणाल्या, "वहिनी, वाफा कसा ठेवावा तर तुमच्यासारखा." आई दिवसभर खुशीत होती. आणि मग रोपं थांबली. वाढेनात. पानं पिवळी पडली, टोकं लालसर झाली, आणि पंधरा दिवसांत एकेक करून सगळी मान टाकून मेली. खत जास्त झालं म्हणावं तर तशी खूण नाही, किडीची खूण नाही, पाणी बेताचं. वाफा मात्र तसाच, एक काडी नाही.

वर्गात माझं नावच दुधाळी पडलं. मुलं विचारायची, "काय दुधाळी, आज उगवलीस का?" आमच्या विभागाच्या इनामदार मॅडम समजूतदार होत्या. त्यांनी मला बोलावून सांगितलं, की अजून एक पावसाळा आहे, तेरडा घे, मार्क पदरात पाडून घे. प्रकल्प बुडाला तर पहिला वर्ग बुडाला, एवढा हिशेब मलाही येत होता. मी घरी आले आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती केसांतून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "माझं कुठं चुकलं, तेच कळंना बघ." तिला वाटत होतं, परीक्षा तिची होती.

नंतर थंडीत एका संध्याकाळी मी चुलीजवळ बसून मोठ्यानं पाठ करत होते. आई भाकऱ्या थापत होती. परातीत थप थप, तव्यावर पाण्याचा हात फिरला की चर्र. अंबाडीची भाजी शिजत होती आणि त्या आंबूस वासात मी वनस्पतींची कुळं घोकत होते. दुधाळीचं कूळ तेव्हाच्या पुस्तकात स्क्रोफ्युलॅरिएसी. हे नाव आईला फार विनोदी वाटायचं. "परत म्हण," ती म्हणायची आणि हसायची. त्या कुळाची यादी वाचताना मी पुस्तकातलं एक चित्र तिला दाखवलं. तिनं पीठभरल्या हातानंच पुस्तक ओढलं. "हा तर टारफुला! ज्वारीचा काळ मेला. ह्याच्यापायी आमच्या पाठी मोडल्या खुरपून खुरपून. हा आन् तुझी दुधाळी एका घरचे?" मी म्हटलं, हो, एकाच कुळातले. आई हसली नाही. थापलेली भाकरी तिच्या हातावर तशीच राहिली.

"टारफुला तू मोकळ्या रानात बघितलास कधी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही. "मीबी नाय. ज्वारी असंल तरच येतो. तिच्या मुळाला धरून बसतो आन् आयतं पितो. ज्वारी नाय पेरली, तर टारफुला नाय." तव्यावरची पहिली भाकरी करपून धूर यायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं. "मग दुधाळी कुठं असती? गायरानात. आन् गायरानात काय असतं, सुनंदा?" गवत, मी म्हटलं. आईनं हातावरची भाकरी परत परातीत टाकली आणि कोनाड्याकडं बघितलं. "म्हंजे मीच मारली तिला," ती म्हणाली. "रोज सकाळी बसून मारली."

आता हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जगात जी एक गोष्ट तिला सगळ्यांपेक्षा चांगली येत होती, तिनंच लेकीचं नुकसान केलं होतं. मी तिला मिठी मारली आणि ओरडले, "आई, तू शोध लावलास!" तिला ते काही पटलं नाही. "कशाचा शोध? भाकर जळाली," ती म्हणाली आणि उलथनं घेऊन करपलेली भाकरी काढू लागली.

दुसऱ्या दिवशी मी सय्यद सरांना सांगितलं. त्यांनी आपल्या कपाळावर हात मारला. "टारफुला पराया खाता है, ये तो मैं हर साल पढाता हूं! मगर ये दुधाळी तो किसी की फसल नहीं खराब करती. इसलिये किसी ने पूछाच नहीं, के ये खाती किसका है." मग खाली बसले आणि हळूच म्हणाले, "ग्यारा साल मैं साफ गमले में बोता रहा." मॅडमना मी सांगितलं, की तेरडा नको. त्या म्हणाल्या, "बघ बाई, तुझं वर्ष आहे." ते खरंच होतं. खात्री कुणालाच नव्हती. आईचं म्हणणं चुकलं असतं, तर मी गल्लीच्या तोंडाशी टायपिंगला बसले असते.

पुढच्या पावसाळ्याला आई आणि मी गावी गेलो. जमीन भिजली होती. गायरानातल्या कुसळी गवताचे गड्डे आईनं खुरप्यानं मुळांसकट, मातीसकट उचलले, पोत्यांत भरले, पोती भिजवली आणि आम्ही वैजापूरच्या स्टँडवर येऊन एस.टी. पकडली. कांद्याच्या गोण्या, शेळीचं एक करडू आणि आमची दोन गळकी पोती. कंडक्टरनं पायानं पोतं चाचपलं. "काय हाय वं बाई ह्यात?" आई म्हणाली, "गवत." "गवत? शहराला गवत न्यायलाव? म्हैस कुठं हाय मग?" सगळी बस हसली. आई जागची हलली नाही. "म्हैस नाय, लेक हाय. तिच्या परीक्षेचं गवत हाय." त्यावर बस आणखी मोठ्यानं हसली, आणि मला वाटलं, सीटखाली शिरावं. शेवटी कंडक्टरच म्हणाला, "ठिवा ठिवा माघं. परीक्षेला तिकीट नाय." शहर येईपर्यंत ते गवत आमच्या पायांशी ओलं वास सोडत होतं.

ज्या पट्टीत काडी दिसायची नाही, तिथं आईनं स्वतःच्या हातानं गवत लावलं आणि गवतामधे बाटलीत उरलेलं बी वाळूत कालवून टाकलं. पण हाताची सवय कुठं जाते? तिसऱ्याच सकाळी खस्स असा आवाज आला. मी धावत बाहेर गेले, तर आई गवताचा एक ठोंब हातात घेऊन बसलेली, स्वतःवरच चिडून. "झोपंत बसले गं मी. कळलंच नाय." तो ठोंब तिनं परत लावला, खुरपं धुतलं, धडप्यात गुंडाळलं आणि ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं. किल्ली माझ्या हातात दिली. "फूल येस्तोवर मागितली तरी दिऊ नगंस." त्या पावसाळ्यात ती सकाळी चहा झाला की दाराशी पायरीवर बसायची आणि रिकामा उजवा हात मांडीवर ठेवून गवत वाढताना बघायची. इतके हाल मी तिचे कधीच बघितले नव्हते.

गवत वाढलं. आधी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं. आणि त्यात शोधलं तर शेपूसारखी पानं, हिरवीगार, दर आठवड्याला बोटभर उंच. मी रोज वहीत लिहीत होते. पण गल्लीला दिसत होतं ते फक्त गवत. आधी डास झाले, मग साप येईल अशी भीती झाली, आणि भाद्रपद संपताना कुसळं सुटली तेव्हा ती देशमुख काकूंच्या पातळाला चिकटली. एका संध्याकाळी दादा कचेरीतून आले, तर काकू फाटकाशी कुसळं वेचत उभ्या. "अहो, गावाकडचं गवत दारात आणलंत, आता गोठाही बांधा," त्या हसत म्हणाल्या. त्यात दुष्टावा नव्हता, असं मी आज म्हणू शकते. तेव्हा नव्हते म्हणू शकत, आणि दादा तर नाहीच.

दादा कशातून आले होते, ते मला त्याआधी आईनं एकदाच, अर्धंमुर्धं सांगितलं होतं. दहा-अकरा वर्षांचे असल्यापासून ते मोठ्या घरच्या जनावरांसाठी गवताचे भारे कापून डोक्यावरून वाहायचे. भारा वाड्याच्या मागच्या दारानं टाकायचा आणि बाहेर उभं राहायचं. कुसळं मानेत, बगलेत, आणि अंग खाजवायला हात मोकळा नाही. शहरात आल्यावर त्यांनी ठरवलं होतं, की या दारात गवताची काडी दिसणार नाही. आईची रोजची खुरपणी त्यांना का आवडायची, ते मला तेव्हा कुठं कळलं. प्रकल्पाचं गवत त्यांनी तीन महिने बघून न बघितल्यासारखं केलं होतं, माझ्यासाठी. काकूंच्या त्या एका वाक्यानं ते संपलं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर दादा पट्टीत उकिडवे बसलेले. अंगात बनियन, हातात विळा, तो कुठून मागून आणला होता कोण जाणे. आई पाण्याला गेली होती. डाव्या मुठीत त्यांनी गवत धरलं होतं, बुडापासून, सराईतासारखं. मी वह्या टाकून धावले. पण विळा चालला नव्हता. दादा मुठीतल्या गवताकडं बघत होते. गवताच्या काड्यांमधे एक बारीक पानांचं झाड त्यांच्या मुठीत आलं होतं आणि त्याच्या शेंड्याला चार कळ्या होत्या, गुलाबी टोकाच्या.

"हे तुझं?" त्यांनी वर न बघता विचारलं. मी मान हलवली. "ह्याला मी वळखतो. भाऱ्यात यायचं हे. जनावर खात नाय म्हणून उपटून फेकायचो आम्ही." त्यांनी विळा खाली टेकवला. "आन् हे गवत काढलं तर?"

"मरंल, दादा. गेल्या वर्षी तसंच मेलं. ते ह्या गवताला धरून जगतंय."

"म्हंजे आयतोबा हाय," दादा म्हणाले. मग त्यांनी मूठ हळूच, एकेक बोट करत सोडली, दबलेलं गवत हातानं सरळ केलं आणि विळा घेऊन उठले. मोरीवर हात धुताना म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कोणी काय बोललं तर मला सांग." मी त्या दिवशी दादांच्या पाया पडले नाही, आमच्यात तशी रीत नव्हती; पण त्यांच्यासाठी चहा केला आणि साखर दोन चमचे जास्त घातली.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी पहिलं फूल उमललं. मग रोज. कुसळी गवत पिवळं पडत चाललं होतं आणि त्यातून ती गुलाबी फुलं माना वर काढून उभी. मी मोजली नाहीत, मुद्दामच. दिवाळीच्या सुट्टीनंतर परीक्षक आले ते इनामदार मॅडमबरोबर रिक्षातून थेट आमच्या दारात. मागून सायकल दामटत सय्यद सर, सायकलच्या हँडलला मिठाईचा पुडा लटकवलेला. त्यांनी चप्पल फाटकाशी काढली, पट्टीच्या कडेला गुडघे टेकले आणि एकेक फूल जवळून बघितलं. उठले तेव्हा चष्मा पुसत होते.

परीक्षक मोठे करडे होते. फुलं बघून त्यांनी मान डोलावली, वही चाळली आणि विचारलं, की हे गवताच्या मुळावर जगतं याला पुरावा काय? नुसतं शेजारी वाढलं असेल. मुळं उकरली तर तुटतात, पट्टीतली दोन झाडं कॉलेजात नेऊन करून बघितलं होतं. तेवढ्यात दारातून आई म्हणाली, "किल्ली दे." मी तिच्याकडं बघितलं. "आता फूल आलंय न्हवं? दे."

तिनं ट्रंक उघडून खुरपं आणलं आणि बसली. पातीवर बसतात तशी. पाहुण्यांसमोर लाजणारी माझी आई त्या वेळी कुणाकडंही बघत नव्हती. एका झाडाभोवती हातभर अंतरावरून तिनं खुरपं फिरवलं, इतकं सावकाश, की माती आपण होऊन सुटल्यासारखी वाटावी. गड्डा खालून उचलला, पाणी भरलेल्या पातेल्यात ठेवला आणि बोटांनी हलवत राहिली. पाणी तीनदा बदललं. मग तिनं ओंजळ वर काढली. गवताची मुळं आणि दुधाळीची मुळं एकमेकांत गुंतलेली, आणि दुधाळीच्या मुळावर बारीक गाठी, त्या गाठींनी गवताचं मूळ घट्ट धरलेलं. एकही तंतू तुटला नव्हता. परीक्षकांनी खिशातून भिंग काढलं, बघितलं, परत बघितलं, आणि भिंग सय्यद सरांच्या हातात दिलं. मग आईला म्हणाले, "बाई, हे आमच्या विद्यापीठात कुणाला जमलेलं नाही." आई म्हणाली, "अवो, मला तर मारायला जमलं होतं. जगवायला आत्ता शिकले." सगळे हसले, आणि परीक्षक मात्र हसता हसता तिला हात जोडते झाले.

तो नमुना सय्यद सरांनी तिथंच कागदात दाबून घेतला. महिन्याभरानं वाळवून, चिकटवून आम्हांला दाखवायला घरी आणला. खाली कोपऱ्यात इंग्रजीत चिठ्ठी होती, जमा करणाऱ्याचं नाव लिहायची. सरांनी तिथं दोन नावं लिहिली होती, आधी आईचं, मग माझं. "कुठं हाय माझं?" आईनं विचारलं. मी दाखवलं. कौसाबाई. तिनं बोट कागदापासून नखभर वर धरून ते नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्यासारखं केलं. मला पहिला वर्ग मिळाला, एम.एस्सी. झाली, पुढं आयुष्यभर मी हेच शिकवलं. आता म्हणे शास्त्रज्ञांनी दुधाळीचं कूळच बदललं, जुन्या घरातून काढून दुसरीकडं घातलं. माझ्या विद्यार्थ्यांना त्याचं मोठं नवल. मला नाही. आमच्या घरात दादांच्या हयातीतच गाव, धर्म, काम सगळं बदललं होतं, आणि बदललं ते बरंच झालं. बसवर आता छत्रपती संभाजीनगर अशी पाटी असते, पुंडलिकनगरात मोकळा प्लॉट औषधाला उरला नाही, आणि गारखेड्यात माझ्या दारापुढं अजून एक हात रुंद गवताची पट्टी आहे. नवा माळी दरवर्षी ती साफ करू का विचारतो.

पण मला शेवट करायचाय तो परीक्षक आले त्या दिवसाचाच. रिक्षा गेली, तोवर गल्लीत बातमी पसरली होती, की कौसाबाईच्या गवतात काहीतरी निघालंय आणि कॉलेजातले मोठे लोक बघायला आले होते. संध्याकाळी माणसं यायला लागली. दादा कचेरीतून आले, त्यांनी सगळं आईच्या तोंडून एकदा आणि माझ्या तोंडून एकदा ऐकून घेतलं. मग तांब्यात निखारे भरले, दुसरा सदरा काढून त्याला इस्त्री केली, तो घातला आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले. येणाऱ्याला ते फुलं दाखवत, गाठींचं सांगत, आणि सांगताना "आमच्या मिसेसनं शोधून काढलं" म्हणत. सय्यद सरांच्या पुड्यातला एकेक पेढा प्रत्येकाच्या हातावर ठेवत. सगळ्यांत शेवटी देशमुख काकू आल्या, चांगलं पातळ नेसून. फुलं जवळून दिसावीत म्हणून त्यांनी कडेच्या विटेवरून एक पाय आत उचलला.

"वहिनी, जरा जपून," दादा म्हणाले. "गवतावर पाय नका देऊ."

काकूंनी पाय मागं घेतला.